वासे

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. चार दिवस झाले, ही म्हण मनातून हलत नाही. आजीनं अर्थ सांगितला होता : दिवस पालटले की आपलीच माणसं पाठ फिरवतात. तेव्हा मी आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या आढ्याकडे बघत राहिले होते. जन्मभर मुकाट ओझं वाहणारं लाकूड दगा देईल, हे मला पटेना.

फिरलेलं एक घर जुन्या गोव्यातही आहे : टेकडीवरचा जांभ्या दगडाचा मनोरा. मूळचा सुमारे 46 मीटर उंच, आता अर्धाच उरलेला. ऑगस्टिनियन संन्यासी 1572 मध्ये गोव्यात आले आणि त्या टेकडीवर त्यांनी मठ आणि चर्च बांधलं. 1834 मध्ये पोर्तुगालनं धर्मसंघ बरखास्त केले. पुढच्याच वर्षी गोव्यातला मठ रिकामा झाला. इंग्लंडात आठव्या हेन्रीनं मठ मोडले, तेव्हा छपरांवरचं शिसं उतरवून वितळवलं होतं. इथे छप्पर कुणी उतरवलं नाही. बघणारं कुणी उरलं नाही, एवढंच. 1842 मध्ये चर्चचं कमानदार छत कोसळलं, 1931 मध्ये दर्शनी भाग.

मनोऱ्यातली घंटा मात्र वाचली. आधी ती आग्वादच्या दीपगृहात गेली आणि 1871 मध्ये पणजीच्या चर्चमध्ये. ती फिरली म्हणायची का? चिमाजी अप्पांच्या 1739 च्या विजयानंतर वसईहून आलेली घंटा भीमाशंकरी महादेवापुढे आहे. तीही फिरलीच म्हणायची?

आमचा वाडा पाडायला घेतला, तेव्हा मी रस्त्यापलीकडे उभी होते. आधी कौलं उतरली, मग वासे, मग तुळया. सागवान चांगलं म्हणून जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं सगळं एकगठ्ठा घेतलं. ट्रकवर आडवी पडलेली माजघरातली तुळई मी लगेच ओळखली. पाळण्याची कडी अजून तिच्यातच होती. त्या कडीला बांधलेल्या पाळण्यात आमच्या तीन पिढ्या झोपल्या. ती काढून घ्यावी असं वाटलं, पण हात पुढे झाला नाही. पैसे आम्ही आधीच घेतले होते.

मग पाठ कुणी फिरवली? लाकडानं की आम्ही? आजी असती तर तिला विचारलं असतं. कदाचित म्हणीत दोष दिलेलाच नसेल. घर मोडल्यावर लाकडानं दुसऱ्या घराचा भार उचलावा, एवढंच म्हणीला सांगायचं असेल. पण असं म्हटलं की मला फार सहज मोकळं वाटतं, आणि म्हणून त्या अर्थावरही विश्वास बसत नाही.

ती तुळई कुठे गेली, हे आम्ही कुणीच विचारलं नाही. पणजीची घंटा अजून वाजते.