फुफाटा आणि फिल्टर

अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असं सरांनी दोनदा सांगितलं. मी लिहिणारा माणूस नव्हे, म्हणून टाळत होतो. पण दिवाळीत पुतण्याने एक प्रश्न विचारला आणि वीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट बाहेर आली. तीच लिहितो.

पुतण्याने कच्च्या वाटेवर पळणारी मोटारसायकल घेतली आहे. (परवाना आहे, पालकांनी काळजी करू नये.) "काका, हिला कुठला एअर फिल्टर बसवू?" म्हणत त्याने मोबाइलवर चित्रं दाखवली. उघड्या, शंकूच्या आकाराच्या एका चकचकीत फिल्टरवर त्याचं बोट थांबलं होतं.

कोळार म्हटलं की परगावची माणसं सोन्याच्या खाणीचं विचारतात. ते कोलार बंगळूरच्या पलीकडचं. २०१५ साली डकार रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय सी. एस. संतोष यांचं मोटारसायकल शिकवणारं मैदानही तिकडेच. आपलं कोळार बीदरजवळचं. इथे सोनं नाही, फुफाटा मात्र हवा तेवढा. पठारावर जांभ्याची तांबडी माती, भालकी-औरादकडे उतरलं की काळी.

मी कॉलेजात असताना दादा शंभर सीसीच्या गाडीवर दुधाचे कॅन बीदरला पोचवायचा. परत आला की गाडी माझ्या हातात. एकदा मित्राकडून असाच एक उघडा फिल्टर मी जुना विकत घेतला आणि कंपनीचा डबा काढून तो बसवला. आवाज भारदस्त झाला. मी मिरवलो. दादा म्हणाला, "गाडी आवाज का करते रे?" मी म्हटलं, "सायलेन्सर जुना झालाय."

दोन-अडीच महिन्यांत गाडी निळा धूर सोडू लागली, इंजिन ऑइल पिऊ लागली. मिस्त्रीकडे नेण्याआधी मी गुपचूप जुना डबा परत बसवला. मिस्त्रीने इंजिन खोललं. सिलिंडरला उभे ओरखडे, रिंगा झिजलेल्या. त्याने कार्बोरेटरच्या रबरी नळीत बोट फिरवून बाहेर काढलं, ते तांबडंलाल. माझ्याकडे बघितलं, बोलला काही नाही.

एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिनाला सुमारे ९,००० लिटर हवा लागते. म्हणजे आपल्या वाटेवरची तेवढी हवा आत जाणार, धुळीसकट. बारीक कण ऑइलमध्ये मिसळले की पॉलिश पेपरसारखे धातू घासत राहतात. शिवाय हवा जास्त आणि पेट्रोल तेवढंच राहिलं, तर इंजिन तापतं ते वेगळंच.

बोअर, पिस्टन, रिंगा असं सगळं काम निघालं. माझ्या फीसाठी ठेवलेले दुधाचे पैसे आधी तिकडे गेले. तीन आठवडे दादाने सायकलला कॅन बांधून बीदर गाठलं. मी फिल्टरचं नाव काढलं नाही.

हे सगळं पुतण्याला अंगणात बसून सांगितलं. मग त्याच्या प्रश्नाकडे वळलो. रोज डांबरी रस्ता असेल तर कंपनीचा कागदी फिल्टर उत्तम. तो बारीक धूळही धरतो, पण फुफाट्यात लवकर चोंदतो आणि भिजला की संपला. तेल लावलेल्या सुती जाळीचा फिल्टर हवा मोकळी सोडतो, पण आपल्या बारीक मातीसाठी माझा त्याच्यावर भरवसा नाही. कच्च्या वाटेसाठी दोन थरांचा फोम घ्यावा, बाहेर जाड, आत बारीक. मात्र तेल लावलं नाही तर तो नुसता स्पंज. रॉकेलमध्ये धुवायचा, पेट्रोलमध्ये कधीच नाही. आग लागते आणि चिकटवलेले जोड सुटतात. मग साबणाच्या पाण्याने धुऊन दाबून पाणी काढायचं, पिळायचा नाही. सावलीत वाळला की फिल्टरचं तेल सगळीकडे मुरवायचं आणि जास्तीचं दाबून काढायचं. महागडा फिल्टरही कडेला नीट बसला नाही तर फुकट, म्हणून कडेला ग्रीस. आणि दर खेपेला आतल्या नळीत पांढरं फडकं फिरवून बघायचं. फडकं तांबडं आलं तर गाडी चालू करायची नाही.

"पण बाबांना हे कधी सांगितलंच नाहीत?" पुतण्याने विचारलं.

दादा ओसरीवर सोयाबीन निवडत बसला होता. ऐकत होता, हे मला ठाऊक नव्हतं. मान वर न करता म्हणाला, "मला मिस्त्रीने त्याच दिवशी सांगितलं होतं."

मग उठला, घरात जाऊन जुनं फडकं शोधून आणलं आणि पोराच्या हातात दिलं.