चौकट नसलेले दार

साहित्याच्या वर्गात ‘चौकट मोडणे’ हा शब्दप्रयोग आम्ही इतक्या उदारपणे वापरत आलो आहोत की, चौकट गेल्यावर तिचे काम कोणाकडे जाते, हा प्रश्न आम्हांला कधी पडलाच नव्हता. तो पडला एका मोटारीच्या दारामुळे.

धाकटा बंधू परदेशी गेला आणि त्याची जुनी बीटल चंद्रपूरला आमच्या अंगणात आली. तिच्या दारांना काचेभोवती पत्र्याची चौकट नाही. नेहमीच्या मोटारीत काच दाराच्याच चौकटीतील रबरी खाचेत वर चढते. येथे ती उघडीच उभी राहते आणि दार लागल्यावर छताच्या कडेच्या रबरावर थेट टेकते. मूठ ओढली की काच किंचित खाली उतरते, दार लागले की वर सरकून रबरात शिरते. तिला सरळ ठेवणाऱ्या खाचा दाराच्या पोटात, दृष्टीआड असतात. पाहणाऱ्याला हे सारे फार मोहक वाटते, आम्हांलाही वाटले.

बाबांना दमा आहे. तरी महिन्यातून एकदा त्यांना वैनगंगेपलीकडच्या गावी जायचे असते. जुने घर उघडायचे, ओसरीवर तासभर बसायचे, पुन्हा कुलूप लावायचे. चंद्रपूरच्या हवेविषयी वेगळे सांगायला नको. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने काढलेल्या निर्देशांकात हे शहर ८३.८८ गुणांनी देशात चौथे होते. शहराबाहेर पडेपर्यंत कोळशाची काळी भुकटी, आणि मूल, सावली ओलांडून गावाच्या वाटेला लागलो की मुरमाची तांबडी धूळ. या प्रवासात बंद काच म्हणजे बाबांचा श्वास.

पहिल्याच उन्हाळ्यात काच चढताना कुरकुरू लागली. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला होता, रबर कडक झाले होते. आम्ही कोणालाही न विचारता त्याला इंजिनचे ऑइल चोळले. रबर काही दिवस चकचकीत दिसले. मग ते फुगले, मऊ पडले, आणि तेलावर बसलेल्या धुळीचा खाचेत चिखल झाला. त्या महिन्यात सावलीच्या पुढे बाबांना खोकल्याची उबळ आली ती थांबेना. पंप देऊनही ते बराच वेळ झाडाखाली गुडघ्यांवर हात टेकून बसून होते. काचेच्या मागच्या कोपऱ्यात नखाएवढी फट राहिली होती. बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, डाव्या खांद्याला, तांबूस रेघ उमटली होती. ती रेघ आमच्या हाताने ओढलेली होती.

परतताना मूलला एका मिस्त्रींकडे थांबलो. त्यांनी कागदाची पट्टी रबरावर ठेवून दार लावले आणि ती ओढली. ठिकठिकाणी ती अडकली. त्या कोपऱ्यात मात्र अलगद निघून आली. ते म्हणाले, “सर, याच्या दाराले चौकट नाही. मंग रबरच सांभाळा लागते.”

त्या बाजूचे रबर बदलावे लागले. बाकीचे नियम त्यांनीच शिकवले. आधी कोरड्या ब्रशने खाचेतली धूळ काढायची, मग सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने रबर पुसायचे, पूर्ण वाळू द्यायचे. त्यानंतर सिलिकॉनचा पातळ हात; पेट्रोल, ग्रीस, ऑइल कधीच नाही. दाराच्या तळाची पाणी निथळण्याची भोके मोकळी ठेवायची, नाहीतर पावसाळ्यात दार आतून गंजते. काच धरून दार ओढायचे नाही. बॅटरी बदलली तर काच आपली जागा विसरू शकते. ती पूर्ण खाली, मग पूर्ण वर नेऊन कळ क्षणभर दाबून धरायची.

आता दर पंधरवड्याला आम्ही हे करतो. पुसलेल्या फडक्यावर काळा आणि तांबडा असे दोन्ही रंग उतरतात. दोन जिल्ह्यांचा रस्ता त्यात वाचता येतो.

याच काळात वर्गात मुक्तछंद शिकवण्याची वेळ आली. विदर्भाचे कवी अनिल हे मराठीतील मुक्तछंदाचे अग्रणी. पुढे त्यांनीच दहा ओळींची ‘दशपदी’ घडवली आणि त्या संग्रहाला १९७७ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ही दोन टोके आम्ही आजवर ‘आधी बंड, मग माघार’ अशा सोप्या सुरात शिकवत होतो. या वेळी ते जमले नाही. वृत्त गेले की ओळ कोठे थांबावी, श्वास कोठे घ्यावा, हे प्रत्येक ओळीला स्वतः ठरवावे लागते. वृत्ताचा भार नाहीसा होत नाही. तो न दिसणाऱ्या जागी जातो. ज्याने तो वाहिला, त्याला दहा ओळींची शिस्तही परकी वाटली नसावी. आम्ही विद्यार्थ्यांना इतकी वर्षे सुटका तेवढी दाखवली, तिची निगा दाखवली नाही. असो.

गेल्या महिन्यात वैनगंगेचा पूल आला तेव्हा बाबा म्हणाले, “काच खाली कर.” आम्ही कचरलो. “नदीवर कुठली आली धूळ?” ते म्हणाले. काच आवाज न करता उतरली. पूल संपेपर्यंत ते पाण्याकडे पाहत राहिले, आणि मग स्वतःच कळ दाबून त्यांनी ती वर घेतली.

घरी आल्यावर पहिल्यांदा त्यांचा खांदा पाहिला. सदरा पांढराच होता.