पाटीवरचा आकडा आणि खोलीतली उष्णता



मी या शाळेचा माजी विद्यार्थी. गेली अनेक वर्षे हैदराबादेतच एका डेटा सेंटरच्या नेटवर्क विभागात काम करतो. शाळेत आलो की "म्हणजे नक्की काय करता?" असे हमखास विचारले जाते. यंत्रे किती वीज खातील आणि त्यांना थंड ठेवायला किती गारवा लागेल, याचा हिशेब मांडणे हे माझे काम. २०२२ साली अ‍ॅमेझॉनने आपल्या शहरात मोठी डेटा सेंटर्स सुरू केली. तिथेही हाच हिशेब करावा लागतो. आता तो लहान प्रमाणात आपल्या शाळेच्या दारात आला आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

संगणक कक्षाशेजारच्या छोट्या खोलीत नेटवर्कचे नवे कपाट बसवायचे आहे. त्यात दोन स्विच व एक सर्व्हर असेल. विश्वस्तांनी पुरवठादाराचे कोटेशन मला पाहायला दिले. त्यात १० केव्हीएचा यूपीएस आणि २ टनांचा एसी सुचविला आहे. हे आकडे आले यंत्रांमागच्या पाटीवरून. प्रत्येक स्विचमध्ये ११०० वॅटचे दोन पॉवर सप्लाय आणि सर्व्हरमध्ये ७५० वॅटचे दोन, अशी एकूण बेरीज ५९०० वॅट.

बेरीज बरोबर आहे, पण ती आपली गरज नव्हे. दोन पॉवर सप्लायपैकी एक बंद पडला तर दुसऱ्याने सगळा भार पेलावा, म्हणून जोडी असते. तेव्हा दोन्ही मोजायचे नाहीत. शिवाय पाटीवर असते ती कमाल क्षमता. घागर बारा लिटरची आहे म्हणून घरात रोज बाराच लिटर पाणी लागते असे नाही.

आणखी एक बाब सहसा नजरेतून सुटते. स्विचच्या क्षमतेचा मोठा वाटा नेटवर्कच्या तारेतूनच कॅमेरे आणि वाय-फायच्या पेट्यांना वीज देण्यासाठी राखलेला असतो. २००३ च्या मानकानुसार एका पोर्टला कमाल १५.४ वॅट, म्हणजे ४८ पोर्टना सुमारे ७४० वॅट. आपल्याकडे अशी उपकरणे २० आहेत व प्रत्येकाला सुमारे ७ वॅट पुरतात, म्हणजे १४० वॅट. ही वीज यूपीएसमधून जाते खरी, पण तिची उष्णता व्हरांड्यातल्या कॅमेऱ्यापाशी बाहेर पडते, कपाटाच्या खोलीत नाही.

तशाच बनावटीच्या यंत्रांना मीटर लावून पाहिले. स्विच प्रत्येकी १५० वॅट, सर्व्हर २५० वॅट. कॅमेरे वगैरे धरून यूपीएसवरचा भार ६९० वॅट. पुढच्या वाढीसाठी पाव हिस्सा जास्त धरला, पॉवर फॅक्टर ०.९ घेतला आणि यूपीएसवर ८० टक्क्यांहून अधिक भार टाकायचा नाही असे ठरविले, तरी १२०० व्हीए पुरतात. २ केव्हीए घेतला म्हणजे झाले.

आता गारव्याचे पाहू. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मी याच शाळेत, मराठीतून शिकलो. स्विच काही उचलत नाही की फिरवत नाही; त्याने घेतलेली वीज अखेर उष्णताच होते. स्विच, सर्व्हर आणि यूपीएसमधील सुमारे ७० वॅटचा तोटा मिळून खोलीत ६२० वॅट उष्णता साचेल. एसीचा १ टन म्हणजे २४ तासांत २००० पौंड बर्फ वितळविण्याइतकी उष्णता ओढून नेण्याचा वेग, अर्थात सुमारे ३५१७ वॅट. आपल्या यंत्रांना पाव टनही लागत नाही. छत, भिंती आणि आत काम करणारा माणूस यांची उष्णता धरली तरी १ टन पुष्कळ झाला.

कोटेशनमध्ये जे नाही, ते मात्र अधिक महत्त्वाचे आहे. वीज गेली की एसी बंद पडतो, पण यूपीएसवरची यंत्रे तापतच राहतात. दहा फूट लांब, आठ फूट रुंद व दहा फूट उंच बंद खोलीत फक्त हवेचा हिशेब केला, तर ६२० वॅट दर पाऊण मिनिटाला तापमान १ अंशाने वाढवतील. भिंती काही उष्णता शोषून घेतात म्हणून प्रत्यक्षात वेग कमी पडतो, पण मे महिन्यात त्याचा भरवसा धरू नये. मोठा यूपीएस घेऊन गारव्याची सोय नसेल, तर बॅटरी संपण्याआधी यंत्रेच तापून बंद पडतील. शिवाय शाळा सुटल्यावर शिपाईमामा एसी बंद करतात. स्विच रात्रभर चालू असतो.

म्हणून विश्वस्तांना माझी विनंती : १ टनाचे दोन एसी घ्यावेत व ते आळीपाळीने चालवावेत. यूपीएसवर चालणारा एक एक्झॉस्ट पंखा आणि तापमान वाढल्यास इशारा देणारे यंत्र बसवावे. कपाटात शिरणारी हवा १८ ते २७ अंशांदरम्यान असावी. यूपीएस लहान घेतल्याने वाचणारा पैसा देणगीदारांचा आहे. तो प्रयोगशाळेला लागू शकेल.

मुलांनो, तुम्हीही घरातल्या मिक्सर, फ्रिज, पंख्यामागच्या पाट्या वाचा. वहीत बेरीज करा आणि महिन्याच्या वीजबिलाशी ताडून पाहा. दोन आकडे जुळणार नाहीत. का जुळत नाहीत, हे बाईंना किंवा सरांना विचारा. माझ्या धंद्याचा पहिला धडा तोच आहे.