मागची बाकी

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावर लेख लिहावा, याचे कुणालाही नवल वाटेल. पण संध्याकाळी मी ज्या कचेरीत अर्धवेळ काम करतो, तेथला एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही.

तेथे एका मोठ्या सर्व्हरवर तीन ‘व्हर्च्युअल मशीन’ चालतात. वाडा एक आणि बिऱ्हाडे तीन, असाच प्रकार. काही नवा बदल करण्यापूर्वी मशीनची त्या क्षणाची स्थिती धरून ठेवतात. तिला स्नॅपशॉट म्हणतात. बदल फसला तर मागे फिरता येते.

गेल्या पावसाळ्यात डिस्क भरत आली. कचेरी सुटल्यावर हिशेबाचे मशीन बंद केले आणि “जुने स्नॅपशॉट काढायचेत,” एवढे सांगून आमचे दादा चहाला गेले. मी उत्साहाने फायलींची यादी उघडली. एका भल्यामोठ्या फायलीवर वर्षापूर्वीची तारीख होती. वर्षभर कुणी लिहिले नाही, म्हणजे अडगळच! मी ती निवडली, तोच मागून आवाज आला, “अरं, थांब की! सगळ्या हिशेबाचं वाटोळं करशील!”

मग दादांनी समजावले. स्नॅपशॉट ही पूर्ण प्रत नव्हे. तो घेतला की मूळ डिस्कवर लिहिणे थांबते आणि पुढचे फक्त बदल नव्या फायलीत जातात. दुसरा घेतला की तीही फाईल थांबते, तिसरी सुरू होते. मधल्या फायलीची तारीख जुनी दिसते, पण वाचली मात्र ती रोज जाते. हाताने पुसली की साखळी तुटली!

मला आमची दुकानाच्या उधारीची वही आठवली. लहानपणी होड्यांसाठी मी तिची जुनी पाने फाडू लागलो, तेव्हा निरक्षर आई म्हणाली होती, “मागची बाकी पुढं वढल्याबिगर पान फाडू नगंस.”

दादांनी नेमके तेच केले. आधी वेगळ्या डिस्कवर पूर्ण बॅकअप घेतला. मोकळी जागा पाहिली, कारण जोडणीलाही जागा लागते. मग स्नॅपशॉटच्या यादीतून, सर्वांत जुन्यापासून एकेक, ‘डिलीट’ केला. येथे डिलीट म्हणजे बदल मूळ डिस्कमध्ये मिळवणे. शेजारचे ‘रिव्हर्ट’ दाबले असते, तर नंतरच्या नोंदी गेल्या असत्या. तीन तास लागले. मध्येच थांबवायचे नाही, हाही नियम. व्हीएमवेअर कंपनी एक स्नॅपशॉट ७२ तासांहून अधिक ठेवू नये असे सांगते. आमचा वर्षभर पडून होता.

“स्नॅपशॉट असताना बॅकअप कशाला?” मी विचारले आणि उत्तर मलाच सुचले. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात शिरोळ तालुक्यातले आमचे घर पाण्यात गेले. सातबारा आणि त्याची झेरॉक्स एकाच ट्रंकेत होती. दोन्हींचा लगदा झाला. स्नॅपशॉटही मूळ डिस्कच्याच आधाराने उभा; ती गेली की तोही गेला.

दुसऱ्या दिवशी सगळे हिशेब जागच्या जागी होते. माझा मात्र जीव त्या रात्री थाऱ्यावर नव्हता.

घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. घरची कितीतरी जुनी पाने आता फाडून टाकावीशी वाटतात. काही फाडीनही, पण आईने सांगितले तसे, आधी बाकी पुढे ओढून.