साठ टँकरांचा हिशेब

12 मे, डोंबिवली पूर्व
आज पाण्याचा शटडाऊन. सकाळी टँकर आला, दहा हजार लिटरचा. टाकीत पाइप सोडून ड्रायव्हर सावलीला बसला. "पाणी कुठलं हो?" विचारलं. "बोअरचं." कुठली बोअर, ते त्याने सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही. आंघोळी व्हायच्या होत्या.

13 मे
टँकरचं राहू दे, नळाचं तरी कुठलं? पालिका बरंचसं पाणी मोहिलीला उल्हास नदीतून उचलते. आणि उल्हास उन्हाळ्यातही वाहती राहते, त्यात टाटांच्या भिवपुरी वीजघराचा मोठा हात आहे. 1922 पासून मावळातल्या ठोकरवाडी धरणाचं पाणी घाट उतरून तिथली चक्रं फिरवतं आणि मग उल्हासला मिळतं. मुळात ते आंध्रा नदीचं. म्हणजे इंद्रायणीतून भीमेला मिळून पंढरपूरवरून पूर्वेला जाणारं. आमच्या चहाच्या आधणात चंद्रभागेचा वाटा! सासूबाई असत्या तर तांब्याला नमस्कार केला असता. मला सोलापूरची नणंद आठवली. तिच्याकडे नळ चार दिवसांनी येतो.

18 मे
सोसायटीची सभा. चाळ पाडून इमारत झाली तेव्हा मागच्या विहिरीवर स्लॅब टाकला. आता त्यावर स्कूटर उभ्या असतात. ती उपसून गच्चीचं पाणी तिच्यात सोडू या, असं मी म्हटलं. कागदावर हिशेब करूनच नेला होता. गच्ची 300 चौरस मीटर, आपल्याकडे वर्षाचा पाऊस साधारण अडीच मीटर. झाले साडेसात लाख लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला धरला तरी साठ टँकर.

तळमजल्यावरचे काका म्हणाले, "पडतो चार महिन्यांत. विहिरीत मावणार किती?" खरंच आहे. बरंचसं जमिनीत मुरेल आणि लागलं तर कुणाच्या तरी बोअरला लागेल. "त्या टँकरवाल्याच्याच!" कुणीतरी मागून ओरडलं. हसण्यातच ठराव मंजूर झाला. माझ्या आकडेमोडीने झाला नसता.

21 मे
खर्चासाठी सोसायटीची ठेव मोडायला सेक्रेटरींबरोबर डोंबिवली नागरी सहकारी बँकेत. ही 1970 ची, ठाणे जनता 1972 ची, कल्याण जनता 1973 ची. लोकलला लटकून मुंबईचा पगार घरी आणणाऱ्या या गावांनी चार वर्षांत आपापल्या बँका काढल्या. आता त्यांच्या शाखा दूरदूर आहेत, ते सोडा; पण पैसा गावात मुरवायचं सुचलेल्या आमच्या त्या पिढीला पाणी मुरवायचं सुचलं नाही. विहिरी बुजवल्या त्याही आम्हीच.

2 जून
कल्याण स्टेशनाबाहेर शेवळं आली! जुड्या घेऊन मुरबाडकडची बाई बसली होती. "काकडं पण घे बाय, नायतर घसा खाजंल." काकडं घेतली. शेवळाचा कोंब तेवढा खुडायचा, कांदा जमिनीतच ठेवायचा, नाहीतर पुढच्या वर्षी काय विकणार, हे तिने न विचारताच सांगितलं. पाड्यावरून बारवीचं पाणी दिसतं म्हणाली. त्या धरणाचं पाणी एमआयडीसी आमच्या कारखान्यांना आणि शहरांना देते. "मग तुमच्याकडे?" "आमच्याकडं टँकर," ती म्हणाली आणि सुटे पैसे मोजू लागली.

शेवळाची भाजी चांगली झाली. दोनदा वाढून घेतली तरी टँकर डोक्यातून जाईना.

9 जून
विहीर उपसून झाली. गाळात निघालं काय काय: पितळी लोटी, दोन चेंडू, विटांचे तुकडे आणि गणपतीचा पाट. दुपारी पहिला पाऊस. पहिल्या सरीचं पाणी बाहेर सोडायचं, गच्चीची धूळ घेऊन जातं. मग सेक्रेटरींनी व्हॉल्व्ह फिरवला. पाइपचा एक सांधा गळत होता, त्याला मी ओढणी बांधली. काठाशी आम्ही सातआठ जण छत्र्या धरून वाकून बघत होतो. तळमजल्यावरचे काकाही होते. खाली अंधारात पाणी पडल्याचा आवाज आला.

"पण स्कूटर आता लावायची कुठे?" दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाने विचारलं.