उतारावरची टिकटिक

दिवेलागणीच्या सुमाराला गल्लीतून एखादं पोरगं पायडल मारायचं थांबवून सायकल नुसतीच वाहू देत जातं, आणि तिच्या मागच्या चाकातून ती बारीक, एकसुरी टिकटिक येते, तेव्हा माझे हात कामावरच थबकतात. आवाज गल्लीच्या टोकाला वळतो, विरतो, आणि मग कितीतरी वेळ माझ्यासमोर भंडारदऱ्याचं पाणी असतं. सकाळचं, अजून ऊन न उतरलेलं, पलीकडच्या डोंगराची निळी सावली अंगावर घेऊन पडलेलं.

मामा राजूरला शाळेत गणित शिकवायचा. दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेले की एका पहाटे तो दोन सायकली एस.टी.च्या टपावर चढवायचा आणि आम्ही शेंडीला उतरायचो. त्याची काळी, उंच, दांडीची. माझी बुटकी, घंटी नसलेली. विजारीचा उजवा पाय तो मोज्यात खोचायचा, कॅरियरला भाकरी-पिठल्याचा डबा सुतळीने बांधायचा आणि मला म्हणायचा, "तू पुढं हो. मी मागं हाये." पुढे कोण आणि मागे कोण, हे त्याने कधी बदललं नाही.

त्या जलाशयाला पूर्ण वळसा घालणारा रस्ता आहे. शेंडीहून धरणाच्या बाजूने मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी. तिथून साम्रद, घाटघर. आणि पलीकडून उडदावणे, पांजरे, मुरशेत करत पुन्हा शेंडी. चाळीसच्या वर किलोमीटर भरतात. नकाशावर तो रस्ता पाण्याच्या काठाने निवांत चाललेला दिसतो, आणि नकाशा पाहून आलेला माणूस तिथेच फसतो. कारण हे पाणी डोंगरातलं मूळचं नव्हे. 1910 साली प्रवरेवर धरणाचं काम सुरू झालं, 1926 साली ते पुरं झालं आणि अख्खं खोरं पाण्याखाली गेलं. आजचा काठ म्हणजे बुडालेल्या डोंगरउतारांची कंबर. प्रत्येक ओढ्यापाशी पाणी आत घुसलेलं, म्हणून प्रत्येक ओढ्यापाशी रस्ताही आत वळतो, उतरतो, मोरी ओलांडतो, पुन्हा वर चढतो. मोठा घाट असा लागत नाही. पण या लहान लहान चढांनीच मांड्या भरून येतात, आणि दहाव्या मोरीला कळतं की आपण सकाळपासून एक डोंगर हप्त्याहप्त्याने चढतो आहोत.

पहिल्या वर्षी मामाने मला मुतखेलच्या पुढे नेलं नाही. मी रुसले. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ मला पाहायचं होतं, त्याच्या दगडातली नक्षी, त्याची पुष्करणी; घरातल्या सगळ्यांनी ते पाहिलेलं. मामा पाण्याशी बसून भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "तुझी सायकल नाही म्हणतीये."

ते वाक्य मला पुढे दोन वर्षांनी कळलं.

मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलमध्ये बारीक खटके असतात. सायकलवाले त्यांना कुत्ते म्हणतात. पायडल चालू असतं तेव्हा ते दात्यांत अडकून चाक ओढतात. पायडल थांबलं की दात्यांवरून घसरत जातात, आणि तीच ती टिकटिक. म्हणजे चढावर सायकल मुकी असते, फक्त चेन कुरकुरते आणि माणसाचा श्वास ऐकू येतो. उतारावर मात्र ती सगळं सांगून टाकते. नवशिक्याचा हात ब्रेकवर आवळलेला असतो, त्यामुळे त्याची टिकटिक अडखळते, थांबते, पुन्हा दोन थेंब पडल्यासारखी वाजते. ज्याला उतार कळला आहे त्याची टिकटिक वळण आलं की सैलावते, वळण सरलं की दाट होते, पण तुटत नाही. आणि ज्याला उताराची भीतीच राहिलेली नाही, त्याचे ठोके एकमेकांत मिसळून नुसतं किर्रर होतं. मामाला या तिसऱ्या आवाजाची फार धास्ती होती. पहिल्या आवाजाचं माणूस फार तर खरचटतं, म्हणायचा.

तो मागे राहून हे ऐकत असायचा. वर्गातल्या पोराच्या पाटीवरची आकडेमोड उलट्या बाजूने वाचावी तसं तो माझं चाक वाचायचा, आणि त्यावरून ठरवायचा की आज कुठवर जायचं.

दुसऱ्या वर्षी रतनवाडी झाली. तोवर त्याने मला मोरीचं शिकवलं होतं. मोरीवर पावसाने आणलेला मुरूम पसरलेला असतो, म्हणून ब्रेक मोरीच्या आधी लावायचा, मोरीवर नाही. आणि मुरमावर पुढचा ब्रेक तर ओढायचाच नाही, चाक जागच्या जागी निसटतं. उतारावर दोन्ही पायडल एका पातळीत ठेवायची, सीटवरून जरा उचलायचं, नजर चाकाखाली न ठेवता पुढच्या वळणावर ठेवायची. इतकं साधं. पण ते अंगात उतरायला एक अख्खा पावसाळा मध्ये जावा लागतो. रतनवाडीच्या शेवटच्या उतारावर समोर रतनगड उभा होता, त्याच्या माथ्यावरचं नेढं आभाळाच्या तुकड्याने भरलेलं होतं, दोन्ही बाजूंना भात कापणीला आला होता, आणि त्या भाताचा गोडसर, ऊन लागलेला वास अंगावर घेत मी ब्रेकला बोटही न लावता खाली गेले. मागून मामाचा आवाज आला नाही. त्याने हाक मारली नाही, हीच शाबासकी.

घाटघरचा पूर्ण वळसा मात्र त्याने चौथ्या वर्षी दाखवला. साम्रदच्या पुढे रस्ता उघडा पडतो आणि कोकणकड्यावरून वर चढून येणारा वारा तिथे आडवा अंगावर येतो. तिथे जोर कामाचा नाही, धीर कामाचा. वाऱ्यात सायकल कलती धरावी लागते, आणि वारा अचानक थांबला की त्याच क्षणी सरळ करावी लागते. त्या कड्यापाशी सायकली आडव्या टाकून आम्ही पालथे पडून खाली कोकण पाहिलं. किती वेळ, कोण जाणे.

रतनगडाच्या पायथ्याच्या रानात गुरवाटा शिरतात. हल्ली चांगल्या जाड टायरच्या सायकली आल्या आहेत, आणि त्या वाटा पाहून कुणाचाही हात शिवशिवेल. मला ते पटत नाही. ते कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. आणि पावसाआधीच्या रात्री तिथल्या हिरड्या-बेहड्यांवर काजव्यांची झाडंच्या झाडं लुकलुकतात तेव्हा तर चाकही नको आणि दिवाही नको. काही वाटा कुठल्याच पातळीच्या सायकलवाल्यासाठी नसतात.

माझी भाची कॅलिफोर्नियात असते. टाहो सरोवराभोवतीच्या डोंगरवाटांच्या तोंडाशी खुणा असतात, असं तिने सांगितलं: सोप्या वाटेला हिरवं वर्तुळ, मधल्या वाटेला निळा चौकोन, अवघडला काळा हिरा. किती चांगली सोय. आपल्याकडेही व्हावी, मनापासून वाटतं. अनोळखी माणसाचा जीव त्याने वाचेल. तरी ते ऐकताना मला मामाचा कान आठवला. वाट कशी आहे ते पाटी सांगेल. आज माझी झोप नीट झाली नाही, मन घरच्या कुठल्याशा काळजीत अडकलं आहे, हात ब्रेकवर नको इतका आवळला जातो आहे, हे त्या पाटीला कुठून कळावं?

मामा जाऊन नऊ वर्षं झाली. त्याच्या वर्षश्राद्धाला मामी अंगणात माझ्याशेजारी बसली होती. माळ्यावर गंजत पडलेल्या माझ्या बुटक्या सायकलीचा विषय निघाला. मामी म्हणाली, "स्वतःच्या सायकलीला शेर शेर तेल पाजायचे. तुझ्या मागच्या चाकाला मात्र थेंब घालू द्यायचे नाहीत. तेल घातलं की आवाज बसतो म्हणायचे. पोरगी ऐकू आली पाहिजे."

मी काही बोलले नाही. अंगणात तेव्हा कोणाची सायकल नव्हती, तरी मला ती ऐकू येत होती.

गेल्या ऑक्टोबरात भाची तिच्या मुलीला घेऊन आली. अकरा वर्षांची, उंच, हसरी; तिकडे शाळेला सायकलने जाणारी. शेंडीला आम्ही दोन गिअरच्या सायकली गाडीतून उतरवल्या. तिला पूर्ण वळसा मारायचा होता, घाटघरचा कडा पाहायचा होता. मी म्हटलं, "तू पुढे हो, मी मागे आहे." धरण मागे पडलं. काठावर सोनकी पिवळी फुलली होती. पहिली मोरी, दुसरी मोरी. तिसऱ्या उताराला तिचं चाक अडखळलं: टिक, टिक, मग ब्रेकची किंचाळी, मग काहीच नाही, मग पुन्हा टिक. पोरीची पाठ ताठ झालेली मला मागून दिसत होती.

पाण्याशी सावली पाहून मी तिला थांबवलं आणि डबा उघडला. तिने विचारलं, "आजी, दमलीस?" मी हो म्हटलं.

त्या दिवशी आम्ही मुतखेलच्या पुढे गेलो नाही.