पावसाला दिलेल्या शिव्या

कोकणातल्या आमच्या घरी आजीच्या तोंडाचा पट्टा सुटला की ओटीवरची बोलणी आपोआप थांबत. निमित्त बहुतेक पावसाचं. मिरगाची पहिली सर यायची, माजघरात टपटप सुरू व्हायची आणि आजी घंगाळ, तपेली, परात मांडत मांडत पावसावर तुटून पडायची. मेल्या, तुला दुसरं घर दिसलं नाही का, इथून सुरुवात. मग जुनी गळती, भिजलेलं भात, शिमग्याला पालखी नाचवायला वेळ काढणारे हात आणि त्यांना न दिसलेली शिडी. अर्धा अर्धा तास चालायचं. मला वाटायचं, पाऊस ऐकतोय. पुष्कळ वर्षांनी उमगलं की ऐकायचं होतं ते आजोबांनी आणि काकांनी. मे महिना सरला तरी कौलं चाळलेली नव्हती. लेकी बोले सुने लागे.

अशा लांबलचक, जळजळीत भाषणाला इंग्रजीत फिलिपिक म्हणतात. आपल्याकडे या बोलण्याला शस्त्रांची नावं मिळाली. पट्टा चालतो, तोफ डागली जाते, वाग्बाण सुटतात. जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्यांची दैना मांडली, १८८३ साली, तेव्हा पुस्तकाच्या नावातच असूड आला. फिलिपिक मात्र एका माणसाच्या नावावरून आलेला शब्द, आणि तोही बोलणाऱ्याच्या नव्हे. मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप याच्याविरुद्ध अथेन्सचा डेमोस्थेनिस बोलत राहिला. बोलणारा शब्दाबाहेर राहिला, शत्रू शब्दात जाऊन बसला. हा अन्याय मला बरीच वर्षं सलत होता.

डेमोस्थेनिसच्या वडिलांचा तलवारी घडवण्याचा कारखाना होता. मुलगा सात वर्षांचा असताना ते गेले आणि पालक म्हणून नेमलेल्यांनी इस्टेट खाल्ली. मोठा झाल्यावर त्याने त्यांना कोर्टात खेचलं. पण जीभ अडखळायची, दम पुरायचा नाही. तोंडात खडे धरून तो बोलण्याचा सराव करी, चढावर धावत धावत कवनं म्हणे, असं प्लुटार्कने लिहून ठेवलं आहे. तलवारी करणाऱ्याच्या मुलाने जिभेला धार लावली. त्याच्याबाबतीत मला आपला पट्टा हाच शब्द जवळचा वाटतो.

इ. स. पूर्व ३५१ मध्ये त्याने पहिलं फिलिपिक केलं. फिलिपला शिव्याशाप असतील म्हणून मी ते वाचायला घेतलं आणि थबकले. राग सगळा समोर बसलेल्या अथेन्सकरांवर होता. तुमचे उत्सव ठरल्या तिथीला होतात, आरमार मात्र गाव पडल्यावर पोचतं, असं तो त्यांना ऐकवतो. अडाणी मुष्टियोद्ध्याला जिथे ठोसा बसतो तिथे त्याचा हात जातो. पुढचा ठोसा कुठून येईल हे तो बघत नाही, तसं तुमचं चाललंय. फिलिप आजारी आहे, फिलिप मेला, अशा वावड्या तेव्हा शहरात उठत होत्या. त्यावर त्याचं म्हणणं असं की तो मेला तरी तुमच्या या वागण्याने तुम्ही लवकरच दुसरा फिलिप उभा कराल.

इथे मला आजी ऐकू आली. ओलं भांडं उलथं करताना ती म्हणायची, हा गेला तरी दुसरा यायचाच आहे.

तीन वर्षांनी फिलिपने ऑलिंथस हे शहर जमीनदोस्त केलं. डेमोस्थेनिस बोलतच राहिला, इ. स. पूर्व ३४१ मधलं तिसरं फिलिपिक सर्वांत धारदार मानतात. पुढे तीनशे वर्षांनी रोममध्ये सिसेरोने मार्क अँटनीविरुद्ध चौदा भाषणं रचली आणि ब्रूटसला लिहिलेल्या पत्रात गमतीने त्यांना फिलिपिक म्हटलं. नाव चिकटलं. इ. स. पूर्व ४३ च्या डिसेंबरात अँटनीच्या माणसांनी त्याला गाठलं. त्याचं डोकं आणि ती भाषणं लिहिणारा हात रोमच्या चौकातल्या भाषणाच्या चौथऱ्यावर मांडण्यात आले.

अथेन्सला जाग आली ती फार उशिरा. इ. स. पूर्व ३३८ मध्ये किरोनियाच्या मैदानावर अथेन्स आणि थीब्ज मिळून फिलिपशी लढले आणि हरले. ज्याच्या सांगण्यावरून लढाईत उतरलो, त्याच्यावर लोकांनी चवताळून उठावं असा तो क्षण होता. पण मेलेल्या जवानांसाठी अंत्यभाषण कुणी करायचं, हे ठरवण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी डेमोस्थेनिसलाच निवडलं. मी या जागेवर अजूनही थांबते. ज्यांना त्याने इतकं झोडपलं होतं, त्यांना ती सगळी माया होती हे कधीतरी पोचलं असणार.

आजी माघात गेली. त्या वर्षी कुणी काही न सांगता काकांनी चैत्रातच शिडी काढली. दोन दिवस ते एकटेच वर होते. मिरगाची सर आली तेव्हा माजघर कोरडं होतं, तरी काकूने घंगाळ आणून नेहमीच्या जागी ठेवलं. ते उचलायला कुणी पुढे झालं नाही.